दोन खाऱ्या पाण्यांच्या मधे

मागच्या महिन्यात ऑफिसात जेवताना कोणीतरी मोबाईलवरून क्विझ घेत होतं. आयर्लंडमधल्या सगळ्यात लांब नावांपैकी एक नाव सांगा असा प्रश्न होता. उत्तर वाचायला गेला तो मुलगा तीनदा अडखळला, रोमन लिपीत सलग 22 अक्षरं, मधे कुठे श्वास घ्यायला जागा नाही, मकनाहेडरडॉहॉलिया असं काहीतरी त्याने म्हटलं आणि सगळे हसले, मीही हसले. माझ्या शेजारी बसलेली कलीग मात्र हसली नाही. ती पश्चिम किनाऱ्यावरच्या कॉनेमारा भागातली, कामस खाडीच्या बाजूची, घरात आयरिश बोलणारी, आणि तिने तेच नाव शांतपणे तिच्या भाषेत म्हटलं, म्विकनख इदिर घा हाल्ये. चार शब्द. इतक्या सहज, की आपण 'पिंपळगाव बसवंत' म्हणावं तसं. मग म्हणाली, अख्खा पत्ता सांगितलाय त्यात, ऐकलं की कळतं कुठे जायचं ते.

तेव्हापासून हे नाव माझ्या डोक्यातून जाईना. आयर्लंडमधल्या गॉलवेत येऊन मला सहा वर्षं झाली, वीकेंडला भरपूर फिरलोय आम्ही, पण नावं कधी नीट ऐकली नव्हती हे तेव्हा जाणवलं. तर आजची पोस्ट त्या एका नावावर आणि त्याच्याखालच्या 470 एकर जमिनीवर. लांबेल थोडी, पण मला हे सगळं लिहून काढायचंच आहे.

आधी अर्थ सांगते. म्विकनख म्हणजे डुकराच्या पाठीसारखा उंचवटा, इदिर म्हणजे मधे, घा म्हणजे दोन आणि हाल्ये म्हणजे खारं पाणी. दोन खाऱ्या पाण्यांच्या मधला, डुकराच्या पाठीसारखा उंचवटा. झालं, एवढंच. आता यातली गंमत बघा, मूळ शब्द आहे साल्ये, खारं पाणी, समुद्राचं पाणी. पण आयरिशमध्ये 'दोन'च्या पुढे शब्द आला की त्याचं पहिलं व्यंजन मऊ होतं, आणि स मऊ झाला की होतो ह. सिंधूचं हिंदू झालं ना, साधारण तसंच, फक्त इथे तो व्याकरणाचा रोजचा नियम आहे. हेच साल्ये कॉर्कमधल्या किन्सेल बंदराच्या नावात पण आहे, खाऱ्या पाण्याचं टोक असा त्याचा अर्थ. किन्सेलला आम्ही दोनदा जाऊन आलो, फिश अँड चिप्स खाल्ले, फोटो काढले, आणि नावातलं मीठ काही कळलं नाही.

आणि इदिर. हा शब्द कळला तेव्हा मी खरंच लॅपटॉपसमोरून उठून उभी राहिले. इदिर म्हणजे आपलं अंतर. संस्कृतातलं अन्तर्, लॅटिनमधलं इंटर आणि आयरिश इदिर ही सख्खी भावंडं आहेत, एकाच जुन्या शब्दाची पोरं. घा तर उघडच आहे, द्वा, दोन. म्हणजे कॉनेमाराच्या त्या ओसाड किनाऱ्यावर, अटलांटिकच्या तोंडाशी, चार शब्दांच्या नावातले मधले दोन शब्द माझ्या नात्यातले निघाले. परक्या देशात सहा वर्षं काढल्यावर असं काही सापडलं की कसं वाटतं ते मला नीट सांगता येणार नाही.

हे नाव एका टाउनलँडचं आहे. आता टाउनलँड म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण मीसुद्धा वर्षभर त्याचा अर्थ चुकीचा धरून बसले होते. टाउन ऐकलं की आपल्याला बाजार, चौक, दुकानं दिसतात. इथे तसलं काहीही नसतं. एकही घर नसलेले टाउनलँड आहेत. ती जमिनीची हद्द असते, ओढा, बांध, कुंपण, डोंगराची धार अशा खुणांनी आखलेली, आणि प्रत्येक हद्दीला नाव. आयरिशमध्ये बाल्ये फॅरिन म्हणतात. आपल्याकडे खरेदीखतात लिहितात ना, मौजे अमुक, तालुका तमुक, जिल्हा ढमुक, तर टाउनलँड म्हणजे ते 'मौजे'. मला तरी यापेक्षा चपखल शब्द सापडला नाही. या गावाचा जुना पूर्ण पत्ता मराठी दप्तरात लिहायचा झाला तर मौजे मकनाहेडरडॉहॉलिया, सिव्हिल पॅरिश किलकमिन, परगणा मायकुलन, जिल्हा गॉलवे, प्रांत कॉनॉट असा होईल. किलकमिनमधलं किल म्हणजे चर्च, कमिन नावाच्या संताचं चर्च. मायकुलन म्हणजे हॉली झाडाचं मैदान. म्हणजे पत्त्याची प्रत्येक ओळ उघडून बघितली की आत काहीतरी निघतंच.

असे टाउनलँड आख्ख्या बेटावर 60 हजारांहून जास्त आहेत. सरासरी सव्वातीनशे एकर, पण सरासरीला इथे फार अर्थ नाही. मेयोमधला शेस्किन नावाचा एक टाउनलँड सात हजार एकरांहून मोठा, आणि टिरोनमध्ये कॅरिकमोरला जुन्या चर्चच्या स्मशानभूमीचा एक टाउनलँड आहे तो पाऊण एकरसुद्धा नाही. याचं कारण मला फार पटलं. पूर्वी जमीन एकरात मोजायचे नाहीत, तिच्यावर किती गुरं चरतील, किती पीक निघेल यावर मोजायचे. कसदार जमीन असेल तर हद्द लहान, दलदल आणि खडक असेल तर मोठी. प्रत्येक भागात मापाचं नावही वेगळं, कुठे टेट, कुठे पोल, कुठे क्वार्टर. कॅरो-ने सुरू होणारी जी असंख्य नावं इकडे दिसतात ना, ते आयरिश क्याह्रू, म्हणजे चौथाई. आपल्याकडे चावर, बिघा होतेच की.

तर मे महिन्यातल्या एका रविवारी ती कलीग मला आणि नवऱ्याला घेऊन गेली. तिच्या आईचं घर त्याच बाजूला आहे, तिथे आता तिचे मामा एकटे राहतात, ऐंशीच्या पुढचे. गॉलवेहून पन्नासेक किलोमीटर. बार्ना, स्पिडल, इन्व्हेरिन असा समुद्र डावीकडे ठेवून रस्ता जातो, कास्लाला आयरिश भाषेतल्या रेडिओचं केंद्र लागतं, 1972 पासून आहे ते, आणि तिथून रस्ता आत वळला की देखावा एकदम बदलतो. झाडं संपतात. ग्रॅनाइट सुरू होतो. हा ग्रॅनाइट साधारण 40 कोटी वर्षांपूर्वीचा, नंतर हिमयुगात त्याच्यावरून बर्फ सरकत गेला आणि त्याने सगळे कंगोरे घासून टाकले, त्यामुळे जिकडे बघाल तिकडे गोलसर, गुळगुळीत, करड्या पाठी जमिनीतून वर आलेल्या. मधल्या खोलगट जागी छोटी छोटी तळी, इतकी की मोजायचा नाद सोडून द्यावा. आणि उरलेल्या सगळ्यावर पीट, म्हणजे हजारो वर्षं कुजत साठलेली काळी दलदलीची माती, जी कापून वाळवून चुलीत जाळतात.

आणि या सगळ्यात समुद्र कुठून कुठे शिरलाय हे कळतच नाही. गाडी चालवताना डाव्या हाताला पाणी दिसतं, वाटतं तळं आहे, आणि मग काठावर तपकिरी शेवाळ दिसतं, म्हणजे समुद्र. पाच मिनिटांनी उजवीकडे पाणी, हा पण समुद्र असणार असं धरून चाललो तर ते तळं निघालं. मला वाटतं म्हणूनच या नावात नुसतं पाणी म्हणून चाललं नसतं, खारं पाणी म्हणणं भागच होतं. जिथे गोडं आणि खारं पाणी असं एकमेकांच्या गळ्यात गळे घालून आहे तिथे कुठलं पाणी ते सांगितल्याशिवाय पत्ता पुरा होत नाही.

मामांनी आधी चहा दिला, काळाकुट्ट, दूध घालूनही काळाच राहील असा, आणि सोडा ब्रेड आणि खारट बटर. ते भाचीशी आयरिशमध्ये बोलत होते, आमच्याशी इंग्लिशमध्ये, आणि इंग्लिश बोलताना त्यांचा वेग अर्धा व्हायचा, तिथे शब्द जपून ठेवल्यासारखे. मी विचारलं की नावाचा अर्थ मला कळलाय पण डोळ्यांनी बघायचाय. ते लगेच उठले, बूट चढवले, काठी घेतली. जवळच्या एका उंचवट्यावर आम्ही चढलो, फार नाही, दहा मिनिटं. वर गेल्यावर त्यांनी काठी एका बाजूला दाखवली, म्हणाले साल्ये. मग अंग वळवलं, काठी दुसऱ्या बाजूला, साल्ये. मग काठी पायाखालच्या कातळावर ठोकली. यापेक्षा जास्त काही बोलले नाहीत ते. मला वाटतं एवढ्या वर्षांत भूगोलाचा इतका चांगला तास मी बसले नव्हते.

कामस नावाची खाडी आहे, कामस म्हणजे वळण, आणि ती खरंच वळणावळणाने आत घुसलेली आहे, समुद्राच्या तोंडापासून किती आत, आणि तिचे हात दोन्हीकडून येऊन मधे ही जमिनीची जीभ सोडतात. भरतीला पाणी अगदी जवळ येतं. गॉलवेच्या किनाऱ्यावर मोठ्या भरती-ओहोटीत साडेचार मीटरपर्यंत फरक पडतो, आणि या असल्या उथळ खाड्यांत त्याचा अर्थ असा की सकाळी जिथे होडी तरंगते तिथे दुपारी नुसते शेवाळाने मढलेले दगड. आम्ही वर होतो तेव्हा ओहोटी होती, पाणी मागे सरकलेलं, आणि सगळीकडे तो वास. तो वास मला ओळखीचा होता. त्याच्यावर नंतर येते.

डुकराबद्दल थोडं. म्विक म्हणजे डुक्कर हे नक्की, पण त्यावरून बनलेल्या नावाचे दोन अर्थ लावतात. एक म्हणजे जिथे डुकरं राखायचे ती जागा, दुसरा म्हणजे डुकरासारखी पाठ असलेली टेकडी. दोन्ही शक्य आहेत, डुक्कर इकडच्या गरीब घरातलं हक्काचं जनावर होतं, घरभाडं त्याच्यावर भागायचं. पण वर उभं राहून बघितल्यावर मी टेकडीवाल्यांच्या बाजूची झाले. ती बुटकी, लांबट, गोल झालेली कातळाची पाठ दुसरं काही असूच शकत नाही. उत्तरेला डोनेगॉलमध्ये मकिश नावाचा डोंगर आहे, लांबून सपाट-गोल पाठीचा, आयरिशमध्ये त्याचं नाव सरळ डुकराची पाठ असंच आहे. आणि या खाडीच्या पलीकडे रोसमक आहे, तिथेही तेच म्विक. रोस म्हणजे पाण्यात घुसलेली जमिनीची सोंड. रोसमकला पॅट्रिक पिअर्स यांचं छोटं गवताच्या छपराचं घर आहे, 1916 च्या उठावाचे एक पुढारी, त्यांना त्या वर्षी गोळ्या घातल्या. आयरिश शिकायला आणि उन्हाळा घालवायला ते तिथे यायचे. शाळेच्या सहली येतात तिकडे, पण नावातल्या डुकराकडे कोणी लक्ष देत असेल असं वाटत नाही.

मला सगळ्यात जास्त कशाने हलवलं सांगू, हे नाव रस्त्यावरून बघून ठेवलेलं नाहीये. रस्ता नंतर आला. हे नाव होडीतून येणाऱ्या माणसाने ठेवलंय, किंवा निदान त्याच्यासाठी आहे. रस्ते होण्याआधी सगळी ये-जा पाण्यावरून, कॉनेमाराचं पीट भरून काळ्या होड्या, तपकिरी शिडांच्या, अरान बेटांवर जायच्या कारण तिथे नुसता चुनखडक, जाळायला काही नाही. शेतात खत म्हणजे समुद्रातलं शेवाळ. ते कापायचं, त्याचा एक मोठा गोल भारा बांधायचा, क्लिमीन म्हणतात त्याला, आणि भरती आली की तो भारा पाण्यावर तरंगवत, बांबूने ढकलत घराजवळच्या काठाला आणायचा. समुद्रच हमाल. मग ते पाठीवरच्या टोपल्यांनी वर नेऊन खडकावर पसरायचं, त्यावर मूठमूठ माती, त्यात बटाटे. त्या जुन्या बटाट्याच्या सऱ्या अजून दिसतात, मामांनी दाखवल्या, उताराच्या उन्हात कंगवा फिरवल्यासारख्या रेघा, जिथे आता कोणी काही लावत नाही. 1845 पासून बटाट्यावर रोग पडला, सात वर्षांत देशातली दहा लाख माणसं मेली, त्याहून जास्त जहाजांनी निघून गेली. त्या रेघांकडे बघताना आम्ही कोणीच काही बोललो नाही.

अशा जगण्यात दोन खाऱ्या पाण्यांच्या मधे असणं म्हणजे दोन्हीकडून खत, दोन्हीकडून वाट, वारा कुठलाही असो एक काठ आडोशाचा. नावात फक्त जागा नाही सांगितलेली, तिथे राहण्यात फायदा काय ते पण सांगितलंय असं मला वाटतं.

मग प्रश्न पडतो की हे चार शब्द चिकटून ते 22 अक्षरांचं लचांड कसं झालं. त्याची गोष्ट आपल्यापर्यंत येते म्हणून सविस्तर सांगते. 1824 मध्ये ब्रिटिश सरकारने आख्ख्या आयर्लंडची मोजणी करायचं ठरवलं, मुख्य कारण कर. कर टाउनलँडवर बसायचा, पण टाउनलँडची हद्द आणि क्षेत्र कुठेच नीट नोंदलेलं नव्हतं, त्यामुळे कोणावर जास्त कोणावर कमी. थॉमस कोल्बी नावाचा अधिकारी प्रमुख होता. मैलाला सहा इंच असा नकाशा, म्हणजे प्रत्येक शेत दिसेल इतका मोठा. 1846 पर्यंत पूर्ण बेटाचं काम झालं. लांबी मोजायला कोल्बीने पितळ आणि लोखंड जोडून अशा पट्ट्या बनवल्या की ऊन-थंडीने धातू फुगला-आकसला तरी माप बदलायचं नाही, आणि त्यांनी 1827-28 मध्ये लॉक फॉईलच्या काठाला आठेक मैलांची पहिली पायारेषा, म्हणजे जिच्यावरून पुढची सगळी मोजणी करायची ती रेघ, मोजली. 1829 ला ते काम बघायला एक माणूस आयर्लंडला आला, जॉर्ज एव्हरेस्ट, हो, तेच ते. परत जाताना त्याने तसल्याच पट्ट्या भारतासाठी करून घेतल्या आणि त्यांनीच कलकत्त्याची, डेहराडूनची आणि मग आपल्या शेजारच्या बीदरची पायारेषा मोजली गेली. म्हणजे आपल्याकडच्या नकाशांच्या मुळाशी असलेलं एक माप आयर्लंडच्या किनाऱ्यावर जन्मलंय. हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

पण हद्दी मोजून भागत नव्हतं, नकाशावर नाव काय लिहायचं? मोजणारे सैनिक इंग्लिश बोलणारे, लोक आयरिश बोलणारे. त्यासाठी जॉन ओडोनोव्हन नावाचा विद्वान नेमला, 1806 चा जन्म, किलकेनीच्या शेतकरी घरातला, आयरिश उत्तम येणारा. तो आयुष्यातली कितीतरी वर्षं गावोगाव फिरला, बराचसा पायी, 1838-39 च्या सुमारास गॉलवेतही होता. प्रत्येक नावाची वही असायची, त्यात लोक नाव कसं सांगतात, जुन्या कागदात कसं लिहिलंय, सांगणारा कोण, जागा कुठे, वर्णन काय असे रकाने. त्यात तो स्थानिक म्हाताऱ्यांना विचारून आयरिश रूप लिहून ठेवायचा आणि मग नकाशासाठी एक इंग्लिश वळणाचं स्पेलिंग ठरवायचा. छापलेल्या नकाशावर गेलं ते फक्त स्पेलिंग. वह्यांमधलं आयरिश वह्यांमध्येच राहिलं.

यावर इकडे लोकांचे वाद आहेत, काहींच्या मते हा भाषेवरचा घाला होता. मला ते दुःख कळतं, खरंच कळतं, कारण अर्थ असलेला शब्द बिनअर्थाचा आवाज बनवणं ही लहान गोष्ट नाही. पण मी ओडोनोव्हनवर रागावू शकत नाही. त्या वह्या नसत्या तर शेकडो नावांची आयरिश रूपं आज कोणाला कळली नसती, कारण नंतरच्या दुष्काळात ती सांगणारी माणसंच गेली. आणि अजून एक, त्या बदनाम 22 अक्षरांकडे नीट बघा. इदिरच्या जागी एडर लिहिलंय, कारण कॉनेमारात तो शब्द ए लावूनच बोलतात, मामा पण तसंच बोलले. आणि साल्ये नाही लिहिलं, हॉलिया लिहिलंय, स चा ह झालेला ऐकून लिहिलेला. कोणीतरी कान देऊन ऐकलंय. मला ते स्पेलिंग आता जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाटतं. फक्त मधल्या जागा काढल्या तिथे सगळं बिघडलं.

आणखी एक गोष्ट, डेरी. इकडे डेरीने सुरू होणारी गावं पावलोपावली. डेरी म्हणजे दोर्य, ओकचं रान. आणि आसपास बघाल तर ओक सोडा, माणसाच्या उंचीचं झुडूपही मुश्किलीने. रान होतं, तोडलं गेलं, काही दलदलीने खाल्लं, पीट कापताना अजून जुने काळे बुंधे निघतात. नाव तेवढं आठवण धरून बसलंय. ओकला आयरिशमध्ये दार म्हणतात, आणि हो, हा पण आपलाच, दारु म्हणजे लाकूड, देवदारमधला दार. कॉनेमारातल्या नुसत्या कातळावर उभं राहून नावातल्या नावात देवदार सापडावा, काय बोलणार. जगभरचे भूगोलवाले पण या भाषेचे शब्द वापरतात, ड्रमलिन, एस्कर, टर्लॉक, हे सगळे आयरिश. टर्लॉक म्हणजे पावसाळी तळं, चुनखडकातून पाणी वर येतं आणि उन्हाळ्यात आपोआप नाहीसं होतं. जमीन इतकी बारकाईने बघणाऱ्या भाषेची नावं आपण लांबी मोजून हसायला वापरतो.

कायद्याने मात्र एक गोष्ट बरी झाली. 2005 च्या मार्चपासून गेलटॉक्ट भागात, म्हणजे जिथे आयरिश रोजची भाषा आहे तिथे, सरकारी नकाशांवर आणि रस्त्याच्या पाट्यांवर फक्त आयरिश नावं. म्हणजे क्विझवाल्यांचं ते 22 अक्षरी नाव आता अधिकृत नाहीच, परत चार शब्द झाले, मधे जागा आल्या. सगळीकडे हे सुखाने झालं असं नाही, केरीतल्या डिंगलवाल्यांनी टुरिस्ट हरवतील म्हणून जोरात विरोध केला, गावात मतदान घेतलं आणि शेवटी 2011 मध्ये त्यांना इंग्लिश नाव परत मिळालं. मला दोन्ही बाजू समजतात, पण माझं मत विचाराल तर पाटीवर अर्थ असलेलं नाव हवं.

पत्त्याचंही असंच आहे. 2015 मध्ये एरकोड आला, प्रत्येक घराला सात अक्षरी वेगळा कोड. त्याआधी खेड्यात घराला नंबरच नाही, देशातल्या एक तृतीयांशाहून जास्त पत्ते असे की एकाच पत्त्यावर अनेक घरं. टाउनलँडचं नाव आणि आडनाव लिहायचं, बाकी पोस्टमनला माहीत. एका कुरिअरवाल्या कंपनीने मामांच्या औषधांचं पार्सल दोनदा परत पाठवलं होतं, सिस्टीममध्ये नाव बसत नाही म्हणून, कोड आल्यावर तो त्रास गेला असं ते म्हणाले. कोड वाईट नाही. पण कोडमध्ये खारं पाणी नाही. उत्तर आयर्लंडमध्ये 1970 च्या दशकात पोस्टाने रस्त्यांची नावं आणि नंबर आणले आणि टाउनलँड पत्त्यातून उडाले, लोकांनी चळवळी केल्या, फरमॅना जिल्ह्याने तेवढी आपली जुनी नावं सोडली नाहीत. कॉनेमारात आणखी एक माणूस होऊन गेला, टिम रॉबिन्सन, इंग्लंडमधून आलेला नकाशाकार, राउंडस्टोनला राहायचा. वर्षानुवर्षं पायी फिरून, दारोदार विचारून त्याने इथली नावं गोळा केली, खडकांची, ओहोळांची, होडी लावायच्या जागांची सुद्धा, आणि 1990 मध्ये कॉनेमाराचा नकाशा काढला. 2020 मध्ये कोविडने गेला तो.

आता त्या वासाकडे येते. ओहोटीचा, उघड्या पडलेल्या चिखलाचा, मिठाचा वास. माझे बाबा पेण तालुक्यातले, खारेपाटातले. आमच्या भागाचं नावच खारेपाट आहे, म्हणजे खारं पाणी नावात घेऊन जगणारे आम्ही पण आहोत, आणि हे मला चाळिशीला आल्यावर कातळावर उभं राहून कळतंय. लहानपणी मे महिन्यात जायचो तेव्हा आजोबा बांधावर घेऊन जायचे, एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे मातीचा बांध आणि त्यात पाणी सोडायची उघाडी. उधाणाच्या रात्री गावातले सगळे पुरुष बांधावर असायचे. बांधाला कुठे खांड पडली आणि खारं पाणी आत आलं की ती जमीन काही वर्षं गेली. प्रत्येक खाचराला नाव होतं, आजी नावानेच बोलायची, आज अमकीत लावणी, उद्या तमकीत. त्यातलं मला एक पण आठवेना. सातबाऱ्यावर गट नंबर आहेत फक्त.

घरी आल्यावर त्याच रात्री बाबांना फोन केला, तिकडे मध्यरात्र होऊन गेली होती, घाबरूनच उचलला त्यांनी. म्हटलं काही नाही, आपल्या शेतांची नावं सांगा. आधी म्हणाले आता कशाला, अर्ध्या जमिनीत खारं पाणी शिरलंय, कोण लावतंय. मग हळूहळू सुरू झाले. मोठी खाच, देवळामागची, कोळणीची, लांबट, वडाची. वड कुठे होता विचारलं तर म्हणाले मी पण नाही बघितला, माझ्या आजोबांच्या वेळी होता म्हणे. मी लिहून घेत होते, नऊ झाली. एक राहतंय म्हणाले, अगदी खाडीला लागून असलेलं, आई काहीतरी वेगळंच म्हणायची त्याला, काकूला विचारून सांगतो.

दीड वाजता मोबाईल वाजला, तिकडे सकाळचे सहा, काकू गुरांना उठते तेव्हा विचारलं असणार. मेसेजमध्ये एकच शब्द होता. खांडीवरची.